परत येणारी माणसे
कर्करोगसेवेतील स्वयंसेवकांच्या इतिहासावर एक दृष्टिक्षेप

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस नावाचे गाव आहे. गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातले, काळ्या जमिनीचे, कापूस-ज्वारीचे गाव; मराठवाड्यातील शेकडो गावांसारखेच एक. अशा गावातील एखाद्या स्त्रीच्या अंगावरून अवेळी जाऊ लागले किंवा एखाद्या शेतमजुराच्या गालाच्या आत न भरणारी जखम झाली, तर काय घडते? आधी काही दिवस घरातच जातात. मग घरगुती औषध, मग गावातला डॉक्टर, मग परभणी. तेथे एखादा शहाणा डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो, तेव्हा पुढच्या मोठ्या प्रवासाचा प्रश्न उभा राहतो.

हा प्रवास पूर्वी आजच्याहून कठीण होता. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि मोठ्या उपचारासाठी लोक हैदराबादकडे पाहत. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी १९९० च्या दशकापर्यंत मुंबईला जाणाऱ्याला मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठून तेथे गाडी बदलावी लागे. आता परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई येते. छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून मुंबईचा फेराही अनेकांना टळला आहे.

पण किलोमीटरांत मोजता येते ते अंतर या रोगात सर्वांत लहान असते. लाजेचे, भीतीचे, पैशाचे आणि अज्ञानाचे अंतर रेल्वेने कमी होत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्ण योग्य डॉक्टरसमोर बसेपर्यंत जे महिने वाया जातात, त्यांत पुष्कळदा त्याच्या आयुष्याचा निर्णय होऊन गेलेला असतो. हे अंतर कोणी कमी केले? शास्त्रज्ञांनी औषधे शोधली, दानशूरांनी रुग्णालये बांधली. परंतु रुग्णाचे घर आणि रुग्णालयाचे दार यांमधल्या वाटेवर ज्यांनी काम केले, त्यांत फार मोठा वाटा स्वयंसेवकांचा आहे. त्यांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. आपल्या धर्मग्रामांत आज कर्करोग जागृतीचे मेळावे, तपासणी शिबिरे, निधीसाठी चालण्या-धावण्याचे कार्यक्रम होतात. त्यांत खुर्च्या मांडणाऱ्या आणि चिठ्ठ्या लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींना आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत हे ठाऊक असावे, म्हणून हा प्रपंच.

प्रारंभीची पावले

कर्करोग हा संसर्गाने पसरतो असा समज एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतही सर्रास होता. बरा न होणारा रुग्ण रुग्णालयेही ठेवून घेत नसत. अशा काळात १८४२ साली फ्रान्समधील लिआँ शहरात जान गार्निए नावाच्या तरुण विधवेने एक मंडळ स्थापन केले. पती आणि दोन्ही मुले तिने गमावली होती. आपल्यासारख्याच विधवांना तिने एकत्र आणले आणि असाध्य कर्करोगाच्या, दुर्गंधी जखमांच्या गरीब स्त्रियांची शुश्रूषा सुरू केली. कालवारी टेकडीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळातील स्त्रिया व्रतस्थ धर्मभगिनी नव्हत्या, प्रपंचातल्या होत्या. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अर्धशतकानंतर, १८९६ साली, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत रोझ हॉथॉर्न हिने असेच काम आरंभले. विख्यात अमेरिकन कादंबरीकार नथॅनियल हॉथॉर्न यांची ही कन्या. १८९१ मध्ये तिने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. तिने भाड्याच्या खोल्यांत निराधार कर्करुग्णांना आणून त्यांची सेवा केली आणि रुग्णाकडून वा त्याच्या नातेवाइकांकडून पैसा घ्यायचा नाही असा नियम घातला. पुढे या कामातून डॉमिनिकन धर्मभगिनींचा एक संघ उभा राहिला आणि तो नियम त्याने पाळला.

ही सेवा रोग बळावल्यानंतरची होती. रोग बळावण्यापूर्वीच लोकांना सावध करावे ही कल्पना विसाव्या शतकात आली. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये काही डॉक्टर व व्यावसायिक यांनी कर्करोगाविषयी उघडपणे बोलणारी संस्था काढली. तीच पुढची अमेरिकन कॅन्सर सोसायटी. वृत्तपत्रे ज्या रोगाचे नाव छापायला कचरत, त्याविषयी बोलायचे कोणी? १९३६ मध्ये मार्जोरी इलिग या बाईंच्या सूचनेवरून संस्थेने स्त्रियांचे एक दलच उभारले. खाकी गणवेष घालून या बायका घरोघर जात, पत्रके वाटत, एकेक डॉलर वर्गणी गोळा करत. दोन-तीन वर्षांत संस्थेचे कार्यकर्ते सुमारे पंधरा हजारांवरून दीड लाखांवर गेले. डॉक्टरांच्या परिषदांनी जे साधले नव्हते ते शेजारणीने शेजारणीशी बोलून साधले. पुढच्या साऱ्या कार्यक्रमांचे मूळ त्या संभाषणात आहे.

परळची वाट

आपल्याकडे या इतिहासाचा आरंभ एका कुटुंबाच्या दुःखातून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले.

रुग्णालय झाले, पण रुग्ण एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बायको येते, भाऊ येतो, एखादे तान्हे मूल येते. किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात; रुग्णाला खाट लागते ती काही दिवस, पण शहरात राहावे लागते महिनोन्‌महिने. म्हणून परळच्या पदपथांवर गाठोडी मांडून बसलेली कुटुंबे हे मुंबईचे एक कायमचे दृश्य होऊन बसले. अशा माणसांची काळजी ज्या परंपरेने वाहिली तिच्यात संत गाडगे महाराजांचे नाव प्रथम घ्यावे लागते. बाबा १९५६ साली निवर्तले. पण रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधण्याचा त्यांचा ध्यास त्यांच्या मिशनने पुढे चालवला. दादरच्या धर्मशाळेत आजही दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले कर्करुग्ण अल्प दरात राहतात. खराटा हाती घेतलेल्या त्या साधूने देव माणसांत पाहायला सांगितला होता. येथे त्याचा प्रत्यय येतो.

संघटित स्वरूपाच्या कामाला १९५१ साली आरंभ झाला. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी त्या वर्षी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. जागृती, तपासणी, गरिबांना साहाय्य आणि बरे झालेल्यांचे पुनर्वसन अशी तिची कामे वाढत गेली. १९६३ मध्ये तिने मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली. एखाद्या शहरात कोणाला, कोठला कर्करोग, केव्हा झाला याची पद्धतशीर नोंद भारतात प्रथमच होऊ लागली. १९६९ मध्ये वाय. के. सप्रू यांनी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था काढली. औषधाला पैसे नसलेल्या रुग्णाला पैसे मिळवून देण्यापासून त्याच्या मुलांच्या शिक्षणापर्यंत सर्व बाजूंनी आधार द्यावा, असा तिचा बाणा राहिला. १९९४ मध्ये स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी ‘व्ही केअर’ हे मंडळ उभारले. त्याच्या कामात रोगातून उठलेले स्वयंसेवक रुग्णांजवळ जाऊन बसतात. “मला हाच रोग झाला होता आणि मी तुमच्यासमोर बसले आहे,” असे कोणी म्हणाले की जो धीर मिळतो तो डॉक्टरच्या शब्दांनीही मिळत नाही.

कार्यक्रमांचा काळ

आज कर्करोगसंस्थेचा स्वयंसेवक म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते कार्यक्रम : दौड, पदयात्रा, मेळावा. या पद्धतीचा उगमही एका रुग्णाच्याच धडपडीत आहे. टेरी फॉक्स हा कॅनडातील तरुण अठराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगाने आजारी पडला आणि १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात पाहिलेल्या मुलांच्या यातना त्याला स्वस्थ बसू देईनात. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाने कॅनडाच्या पूर्व टोकापासून धावू लागला. उद्देश एवढाच की प्रत्येक देशबांधवाने कर्करोग संशोधनासाठी एक डॉलर द्यावा. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. १ सप्टेंबरला रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी तो गेला. त्यापूर्वी देशाच्या लोकसंख्येइतके, सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमल्याचे त्याने पाहिले होते. त्याच्या नावाची दौड पुढे जगभर पसरली आणि मुंबईतही आली. अमेरिकेत मे १९८५ मध्ये गॉर्डन क्लॅट या शल्यचिकित्सकाने टॅकोमा शहरातील मैदानावर चोवीस तास एकट्याने फेऱ्या घातल्या आणि सत्तावीस हजार डॉलर जमवले. त्यातून रात्रभर आळीपाळीने चालण्याच्या सामूहिक कार्यक्रमाची प्रथा पडली.

मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन होते. तीत सेवाभावी संस्थांसाठी निधी गोळा करत धावणारे हजारो असतात; कर्करोगाच्या संस्थाही त्यांत आहेत. २२ सप्टेंबरला कर्करुग्णांसाठी ‘रोझ डे’ पाळला जातो, ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन आणि ७ नोव्हेंबरला, मादाम क्युरींच्या जन्मदिनी, राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन.

या उत्सवी स्वरूपावर टीका होते आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. एक दिवस टोप्या घातल्या, छायाचित्रे काढली आणि घरी गेलो, याने कोणाचे भले होते? त्याहून गंभीर दोष तपासणी शिबिरांचा आहे. शिबिरात शंभर स्त्रिया तपासल्या जातात. त्यांतील तिघींना पुढे जाण्यास सांगितले जाते. आणि मग त्या तिघी गेल्या की नाही हे पाहायला कोणी उरत नाही. अशा बाईच्या पदरात शिबिराने फक्त भीती घातलेली असते. तपासणीच झाली नसती तर निदान ती निर्धास्त तरी राहिली असती, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे. म्हणून कार्यक्रम असावेत की नसावेत हा वाद निरर्थक आहे. कार्यक्रम संपल्यानंतर काय होते, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर महाराष्ट्रातील एका लहान शहराने दिले आहे.

बार्शीचा धडा

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे शहर. चित्रपट अभिनेत्री नर्गिस दत्त ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने वारल्या. त्यांच्या नावाने बार्शीत १९८२ मध्ये एक कर्करोग रुग्णालय सुरू झाले. डॉ. भगवान नेने यांनी ते वाढवले. ग्रामीण भागात असे रुग्णालय चालवणे हे धाडसच होते.

रुग्णालय दाराशी आले तरी रुग्ण उशिराच येत होते. येत तेव्हा रोग हाताबाहेर गेलेला असे. १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या साहाय्याने तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांतील कागद तपासणे. खेड्यात कागद नव्हतेच. निदान न होताच माणसे मरत होती. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांना गावोगाव जावे लागले. ते शिक्षकांना, पंचांना, सुईणींना भेटत. कोणाला न भरणारी जखम आहे का, कोणाच्या छातीत गाठ आहे का, कोणा बाईच्या अंगावरून पाळी गेल्यावरही जाते का, असे विचारत. विचारता विचारताच ही लक्षणे कशाची असतात हे सांगत. संशय आला तर रुग्णाला रुग्णालयात येण्यास राजी करत. आणि काही काळाने त्याच गावात पुन्हा जात.

या ‘पुन्हा जाण्या’ने काय घडले? नोंदणीच्या अभ्यासकांनी, डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९५ मध्ये आपले निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आता पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या होत्या. कोणतेही नवे यंत्र आणले नव्हते, सरसकट चाचणी केली नव्हती. केवळ लोकांशी सातत्याने बोलल्यामुळे हा फरक पडला होता. काही वर्षांनी त्याच भागातील स्त्रियांचे जगण्याचे प्रमाणही सुधारल्याचे दिसले. बोलण्याने जीव वाचतो, हे आकड्यांनी सिद्ध झाले ते असे, आपल्याच मातीत.

या विश्वासाच्या पायावर पुढचे मोठे काम झाले. ऑक्टोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांचा अभ्यास हाती घेण्यात आला. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची लिआँ येथील कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त प्रयत्न होता. ज्या लिआँत विधवांच्या मंडळाने असाध्य रुग्णांच्या जखमा धुतल्या, त्याच शहरातील शास्त्रज्ञ दीडशे वर्षांनी मराठवाड्यातील खेड्यांत आले, हा योगायोग मनाला स्पर्शून जातो. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया या अभ्यासात होत्या. गावांचे ५२ गट पाडून त्यांचे चार विभाग केले : तिघांत तीन वेगवेगळ्या चाचण्या, चौथ्यात कोणतीही चाचणी नाही, फक्त नेहमीची आरोग्यसेवा व माहिती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या रोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी ज्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या विभागात एकदाच केली होती, तेथे आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी नसलेल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांत ६४ मृत्यू झाले. आयुष्यातील एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे जगाने धाराशिवच्या शेतकरी स्त्रियांकडून शिकून घेतले.

या आकड्यांना दुसरीही बाजू आहे आणि ती झाकणे योग्य होणार नाही. चौथ्या विभागातील स्त्रियांना चाचणी न देता केवळ पाहत राहणे न्याय्य होते काय, असा गंभीर आक्षेप वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी पुढे घेतला. त्या काळी गावांत अशी तपासणी मुळातच होत नव्हती, आम्ही काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. वाद येथे मिटवता येणार नाही. पण त्या चौसष्ट स्त्रियांचे ऋण आपल्यावर आहे एवढे निश्चित. त्या कोण होत्या हे आपल्याला कधीही कळणार नाही. त्यांच्यामुळे जे कळले ते वापरायचे की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली या विषाणूवरील लस २०२३ पासून उपलब्ध झाली आहे. चाचणी आहे, लस आहे. आणि तरीही ताडकळसच्या बाईपर्यंत ती पोहोचवायला माणूसच लागणार आहे.

रस्त्यावरून न्यायालयात

स्वयंसेवी संस्थेचे काम केवळ सांत्वनाचे असते असा एक समज आहे. त्याला छेद देणारी घटना सांगितली पाहिजे. रक्ताच्या एका कर्करोगावर ग्लिव्हेक नावाचे प्रभावी औषध निघाले. मूळ कंपनीच्या किमतीने ते घ्यायचे तर महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये लागत; भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळे आणि ते आयुष्यभर घ्यावे लागे. मूळ कंपनीने भारतात पेटंटसाठी अर्ज केला. तो मंजूर झाला असता तर स्वस्त औषध बंद पडले असते. आपण अनेक रुग्णांना औषध मोफत देतो, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु दान आणि हक्क यांत अंतर असते. भारतीय औषधकंपन्यांच्या बरोबरीने या अर्जाला विरोध नोंदवला तो मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. लढा पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले.

तंबाखूच्या बाबतीतही हेच दिसले. जबडा वा जीभ गमावलेले रुग्ण टाटा मेमोरियलचे डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्या पुढाकाराने मंत्र्यांसमोर, पत्रकारांसमोर उभे राहिले आणि आपले विद्रूप झालेले चेहरे त्यांनी झाकले नाहीत. २०१२ च्या जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. बंदी कागदावर असते आणि पुडी टपरीवर मिळते, हे खरे. मराठवाड्यातील कितीतरी माउलींच्या हातातली मशेरीची डबी कोणत्याही बंदीने सुटलेली नाही. तेथेही पुन्हा शेजारणीने शेजारणीशी बोलणेच कामी येईल.

जेथे उपचार संपतात

सर्वच रुग्ण बरे होत नाहीत. डॉक्टरांनी हात टेकल्यावर रुग्णाचे काय? मुंबईच्या वांद्र्याला, मोत माउलीच्या टेकडीवर, डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू केले. भारतातील हे पहिले हॉस्पिस. ‘अवेदना’ म्हणजे वेदना नसणे. जात-धर्म न विचारता, एक पैसाही न घेता, अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांना येथे ठेवून घेतले जाते. होली क्रॉस धर्मभगिनी त्यांच्या जखमा धुतात. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही अशी सदने झाली. रोझ हॉथॉर्नने घातलेला विनामूल्यतेचा नियम समुद्रापलीकडच्या या टेकडीवरही पाळला जातो. एखाद्या तापलेल्या दुपारी रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्या गावाकडच्या पावसाची चौकशी करणारा स्वयंसेवक तेथे जे देतो, त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

आपल्या वाट्याचे काम

या सगळ्या इतिहासातून आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनी आणि गृहिणींनी काय घ्यावे? कार्यक्रमातील कोणतेही काम क्षुल्लक नाही, ही पहिली गोष्ट. तपासणीच्या जागी नीट पडदा लावला नाही तर लाजेने दहा बायका परत जातात. पाण्याची सोय नसली तर म्हाताऱ्या रांगेतून उठून जातात. नाव, गाव आणि फोन चुकीचा लिहिला तर पुढची सारी वाट बंद होते. नोंदवहीपाशी बसलेल्या मुलीच्या हातात त्या दिवशी डॉक्टरइतकीच जबाबदारी असते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण. ज्यांना पुढे जाण्यास सांगितले गेले त्यांची यादी घेऊन आठवड्याने त्यांच्या दारी जाणे. सोबत नसेल तर सोबत जाणे. पैशाची अडचण असेल तर कोणत्या संस्थेकडे, कोणता कागद घेऊन जायचे ते शोधून देणे. बाई नको म्हणाली तर रागावून न परतता महिन्याने पुन्हा जाणे. यात टाळ्या नाहीत, छायाचित्रे नाहीत. शंभर माणसे कार्यक्रमाला मिळतात. या कामाला दोन मिळणेही मुष्किलीचे होते. पण ती दोन मिळणार नसतील, तर शिबिर न भरवणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमा बांधल्या हे सर्वांच्या लक्षात राहते. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, हेही आठवते. पण निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि अधिक खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा फेडीन असे सांगितले, हा भाग आपण घाईने वाचून पुढे जातो. वस्तुतः दृष्टांतातील सेवा पूर्ण होते ती तेथे. वाटसरू म्हणून भेटलेला माणूस परत येण्याचे वचन देतो आणि त्या क्षणी तो शेजारी होतो.

लिआँच्या विधवा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जखमेपाशी गेल्या. बार्शीचे कार्यकर्ते पुन्हा त्याच गावात गेले. रोगातून उठलेली माणसे ज्या रुग्णालयातून सुटली, त्याच रुग्णालयात दुसऱ्याला धीर द्यायला परतली. ताडकळसला, आणि ताडकळससारख्या प्रत्येक गावाला, अशाच माणसांची गरज आहे. पुढच्या वेळी आपल्या चर्चच्या आवारात मांडव पडेल, तेव्हा तो उतरवून झाल्यावर नोंदवही कोणाच्या घरी जाते आहे, एवढे आपण जरूर विचारावे.